दोन-तीन किलोमीटर खोल खाणीत खर्च नेमका कशावर होतो?

प्रश्न (विद्यार्थी, सोलापूर):
मी सोलापुरात भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या डोंगराळ भागात कोर डलेन नावाचा चांदी, शिसे व जस्ताचा पट्टा आहे. त्यावर मला वर्गात मांडणी करायची आहे. तिथल्या लकी फ्रायडे खाणीचा २०१७ मध्ये पूर्ण झालेला चौथा शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर) जमिनीखाली सुमारे २,९०० मीटरपर्यंत जातो. आमच्या शेतात विहीर खणताना मुरूम संपून काळा पाषाण लागला की फुटामागचा दर चढतो, हे मी पाहिले आहे. पण शाफ्ट खणून झाल्यावरही खालचे धातुक (धातू असलेला दगड) महाग का पडते? आणि खडकातील धातुकाच्या अरुंद पट्ट्यांसाठी, म्हणजे शिरांसाठी, इतके खोल जाणे परवडते कसे?

उत्तर (भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक):
आधी दुसरा प्रश्न घेतो. तिथले बेल्ट समूहातील खडक सुमारे १४० कोटी वर्षांहून जुन्या वाळू-गाळाचे असून त्यांतील ठिसूळ क्वार्ट्झाइट (वालुकाश्मापासून बनलेला कठीण खडक) ताणाखाली तडकला. त्या भेगांतून चढलेल्या उष्ण द्रावणांनी गॅलेना (शिशाचे खनिज), टेट्राहेड्राइट (चांदी असलेले तांब्याचे खनिज) व सिडेराइट (लोखंडाचे खनिज) साठवले. या शिरा जवळजवळ उभ्या आहेत. रुंदी अनेकदा मीटर-दोन मीटरच असते, पण खाली त्या किलोमीटरभराहून अधिक जातात आणि खोलीबरोबर त्यांचा कस (दगडातील धातूचे प्रमाण) संपत नाही. म्हणून खाणीची वाढ खालच्या दिशेनेच होऊ शकते. कर्नाटकात कोलारच्या चॅम्पियन रीफ या सोन्याच्या शिरेमागे लोक तीन किलोमीटरहून खोल गेले, तेही याच न्यायाने. आपल्या बेसाल्टचे (काळ्या पाषाणाचे) थर आडवे पसरलेले आहेत आणि त्यांत अशा धातुशिरा नाहीत, त्यामुळे सोलापूरच्या विद्यार्थ्याने हे चित्र उभे करून पाहण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी.

उत्तर (कर्नाटकातील सोन्याच्या खाणीत काम केलेले, सध्या सोलापूर):
खर्चाबद्दल सांगतो. शिर एक मीटर रुंद असेल आणि यंत्र फिरण्यासाठी अडीच मीटर रुंद खणावे लागले, तर बाहेर येणाऱ्या दगडाचा कस मूळच्या चाळीस टक्क्यांवर उतरतो, मात्र सुरुंग, वाहतूक आणि दळण यांचा खर्च पूर्ण अडीच मीटरचा पडतो. आपण म्हणता तो चौथा शाफ्ट पृष्ठभागावरून सुरू होत नाही, सुमारे १,५०० मीटर खोलीवरच्या पातळीपासून खाली जातो. म्हणजे दगड दोन टप्प्यांत उचलावा लागतो. दोन किलोमीटरवर वरच्या खडकाचाच दाब दर चौरस सेंटिमीटरला पाचशे किलोहून अधिक असतो, आणि साठलेला ताण अचानक सुटला की खडकस्फोट होतो. त्यावर उपाय म्हणून लकी फ्रायडेत १९८० च्या दशकात वरून खाली खणत जायची पद्धत रुजली: सिमेंट मिसळलेला भराव टाकायचा आणि त्याच्याच छताखाली पुढचा थर काढायचा. हा भराव प्रत्येक थराला लागतो, म्हणून त्याचा खर्च कधीच संपत नाही.

खाली हवा खेळती ठेवण्याचा खर्च मात्र कोणी कमी करू पाहू नये. २ मे १९७२ रोजी याच पट्ट्यातील सनशाइन खाणीत आग लागून ९१ कामगार कार्बन मोनॉक्साइडने गेले. खाली काम केलेल्या माणसाला ही तारीख विसरता येत नाही.

प्रश्नकर्ता:
सर, आपले आभार. खाणीतील पाणी उपसण्याचा खर्चही मोठा असतो का?

उत्तर (सोन्याच्या खाणीत काम केलेले):
एक घनमीटर पाणी दोन किलोमीटर वर आणायला निव्वळ साडेपाच युनिट वीज लागते, आणि पंपातील घट धरली तर सात-आठ. खाण एक दिवस बंद राहिली तरी पाणी येतच राहते, त्यामुळे मांडणीत हा खर्च उत्पादनावर नव्हे, दिवसांवर धरावा.