दिवाळी, दमा आणि ॲलर्जी: तुमच्या घरी कसं निभावता?

अवनी_वाडेकर
आज शेजाऱ्यांचा माळा निघाला, जिन्यात तो जुनाट धुळीचा वास पसरला आणि धाकटा भाऊ आठवला. नरकचतुर्दशीला सगळा वाडा अंगणात, आणि हा कॉटवर उशीवर कोपरं टेकून बसलेला. छातीत शिट्टी वाजतेय, श्वास घेताना गळ्याखाली खड्डा पडतोय. आजी सगळ्यांना दटावतेय, त्याच्यासमोर चकल्या खाऊ नका रे. तेव्हा पंपाची 'सवय लागते' म्हणून तो कपाटात. आता माझी लेक त्याच वळणावर. रोजचा पंप घेते, एरवी ठीक असते. दिवाळीत तुम्ही घरात काय काय करता?

खमंग
साफसफाई नवरात्राआधीच उरकायची, दिवाळीच्या तोंडावर नाही. झाडू बंद, ओलं फडकं. त्या दिवशी लेक मामाकडे. गाद्या झोडपायच्या त्या गच्चीवर. चादरी-अभ्रे मशीनमध्ये ६० अंशांवर. आणि चिवड्याच्या मिरच्या तळताना दार लावून घ्या गं बाई, आमच्याकडे तर धडधाकट माणसंही ठसकतात.

नाइलाजाने_पुणेकर
आमच्याकडे धुळीपेक्षा सातवीणीची फुलं! ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री खिडकी उघडायची सोय नाही. नवरा म्हणतो काय सुंदर वास. शिंका मला येतात ना.

रेवा
सातवीण +१

भाऊ_नागपूरवाले
कोजागरीच्या दुधातलं औषध कोणी घेतलंय का? आमच्या काकांनी घेतलं, रात्रभर चांदण्यात जागले. मग मृगाला हैदराबाद. तिथे दम्याच्या औषधासकट जिवंत मासा गिळायचा असतो, काका शाकाहारी म्हणून त्यांना गुळातून दिलं. दमा होता तिथेच आहे. काकूंना मात्र मोत्यांचं झकास दुकान सापडलं.

खमंग
कुठलं दुकान???

आजोबा_ऑनलाइन
नागगोळी. आवाज नाही म्हणून बिनधास्त पोरांच्या हाती देतात. २०१६ च्या सुमारास पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला, पीएम २.५ मध्ये, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांत, हीच पहिली. पोर उकिडवं बसून वाकून बघतं, तोंड बरोबर धुरात. आमच्या नातवाला यंदा फक्त टिकल्या, त्याही अंगणात.

चाळकरी
सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच रात्री आठ ते दहा सांगितलंय. आमच्याकडे पहाटे चारला पहिली माळ सेक्रेटरीच लावतो. तक्रार कोणाकडे करू?

सिस्टर_ताई
छातीच्या ओपीडीत काम करते म्हणून बोलते. 'बरं वाटतंय' म्हणून रोजचा पंप सोडू नका, आतली सूज तोच आटोक्यात ठेवतो. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची. निळा पंप, म्हणजे धाप लागली की तातडीने घ्यायचा तो, हाताशी हवा. कपाटात नाही, अवनीताई! त्यात किती डोस उरलेत ते आत्ताच बघा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री मेडिकल शोधत फिरावं लागतं. निळ्याने उतार पडेना, बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ काळेनिळे दिसले तर सरळ दवाखाना. पाहुणे बसले असले तरी.

अवनी_वाडेकर
पंप आता फ्रिजवरच्या डब्यात आहे हो ताई :) स्पेसर, ती पंपाला लावायची नळी, कसा धुता? मी पुसून ठेवते.

सिस्टर_ताई
पुसायचा नाही. साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळू द्यायचा. फडक्याने घासला की औषध आत भिंतीलाच चिकटून बसतं.

खमंग
भाऊ, काकूंना विचारलंत का?