मदत हवी आहे - भोर, आंबवडे, कारी रोडबाईकवर

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर एका रविवारी मी आणि माझी बहीण पुण्याहून सायकलने भोरकडे निघतोय. जुन्या कात्रज घाटातून खेड शिवापूर, मग नसरापूरला बनेश्वरच्या झाडीत चहा-पोहे (तिथलं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं, सकाळी गर्दी व्हायच्या आत बघायचंय), पुढे कापूरहोळ फाट्यावरून आत वळून भोर, नीरा नदी आणि पंतसचिवांचा राजवाडा.

इथपर्यंतचा रस्ता माहितीये, खरा प्रश्न पुढचा आहे. आम्हाला आंबवड्याला जायचंय, नागेश्वराचं देऊळ आणि तो संस्थानकाळातला झुलता पूल, आणि जमलं तर तसंच पुढे कारीला कान्होजी जेध्यांचा वाडा. या बाजूला पावसाळ्यानंतर रस्त्याची अवस्था काय असते? दोघींच्या सायकलींना २८ मिमी रुंदीचे बारीक टायर आहेत, त्यामुळे डांबर उखडून नुसती खडी राहिली असेल तर पंक्चरचं टेन्शन, आणि वळणावर सुटी खडी म्हणजे उतारावर ब्रेक लावताना चाक सरकतंच. साधे खड्डे चालतील हो, ते दिसतात तरी.

दुसरं म्हणजे कापूरहोळपर्यंत हायवेला सर्व्हिस रोड सलग मिळतो का, की मधे ट्रकांच्या लेनमध्ये शिरावं लागतं? बहिणीची ही पहिलीच लांबची राईड, तिला तिथे घाबरवायचं नाहीये.

आणि भोरच्या पुढे पाणी भरायला, दुपारी पिठलं-भाकरी मिळेल असं एखादं घरगुती ठिकाण असेल तर नक्की सांगा. हल्ली कोणी जाऊन आलं असेल तर रस्त्याचे फोटो टाकाल का प्लीज?