ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड परत ऐकायला घेतोय, १९७७ चा कॉर्नेलचा शो खरंच एवढा भारी आहे का?

कॉलेजात डेडच्या लाईव्ह टेप्स खूप ऐकल्या, मग सगळं सुटलं. आता निवांत ऐकायचंय. जो तो ८ मे १९७७, बार्टन हॉल, कॉर्नेल विद्यापीठ हा शो ऐक म्हणतो. वाजवलंय खरंच तेवढं भारी, की रेकॉर्डिंग स्वच्छ म्हणून नाव झालं? १९७२ चे शो पण सांगा.

प्रतिसाद १
दोन्ही. रेकॉर्डिंग बेटी कॅन्टर-जॅक्सनचं, बँडचीच साऊंडची बाई, तिच्या टेपमध्ये प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं, फिल लेशचा बेस तर थेट छातीत वाजतो. पण दुसरा सेट (मध्यंतरानंतरचा भाग) लावा, स्कार्लेट बिगोनियाज या गाण्यातून फायर ऑन द माउंटनमध्ये कधी शिरले ते कळतच नाही, आणि शेवटी मॉर्निंग ड्यूमध्ये गिटारवाला गार्सिया हळूहळू चढवत नेतो ते नुसतं स्वच्छ रेकॉर्डिंगने होत नाही हो. २०१७ मध्ये ऑफिशियल आलंय. फक्त तुकडे ऐकू नका, दुसरा सेट सलग ऐका.

प्रतिसाद २
माझं मत १९७२ ला. २७ ऑगस्ट, व्हेनेटा, ओरेगॉन. एका डेअरीच्या मदतीसाठी केलेला शो, ऊन एवढं की गिटारी सुरात राहीनात, तरी डार्क स्टार हे एकच गाणं अर्धा तास चाललंय आणि कंटाळा येत नाही. तेव्हा मिकी हार्ट बँडमध्ये नव्हता, ड्रम्सवर एकटा क्रॉइट्झमन, म्हणून ठेका हलका, कुठेही वळतो. १९७७ मध्ये दोन ड्रमर, ताकद जास्त पण ती चपळाई नाही, मला तरी असंच वाटतं.

प्रतिसाद ३
तबला ऐकणाऱ्यांनी १९६९ चा लाइव्ह/डेड अल्बम सोडू नका, त्यात द इलेव्हन हे गाणं आहे, चक्क ११ मात्रांचं, हाताने टाळी देत ऐका, सम सापडली की मजा येते. हार्टला अल्लारखांच्या तबल्याने वेड लावलं होतं. पुढे १९७६ मध्ये झाकीरभाईंसोबत दिगा ऱ्हिदम बँडचा अल्बम केला, त्यातल्या हॅपिनेस इज ड्रमिंगवर गार्सिया गिटार वाजवतो. आणि त्याच चालीचं पुढे फायर ऑन द माउंटन झालं! म्हणजे कॉर्नेलचा तो जॅम ऐकायच्या आधी हे ऐकाच.

प्रश्नकर्ता
हे माहीतच नव्हतं! आज रात्री आधी दिगा, मग कॉर्नेलचा दुसरा सेट. व्हेनेटा रविवारी, हेडफोन लावून.