वादळाआधी स्वयंसेवकांनी नकाशे काढून खरंच काही साधतं का?

दर्यासारंग: नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळ फिलिपिन्सला धडकायच्या आधीच जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं बघून तिथल्या टॅक्लोबान शहराची घरं, रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर काढायला घेतले होते. पुढे रेडक्रॉसने मदतकार्यात ते नकाशे वापरले. आपल्याकडे श्रीवर्धन-दापोलीतल्या कितीतरी वाड्यांच्या जागी नकाशावर नुसतं हिरवं रान दिसतं. पावसाळ्याआधी आपणच हे काम हाती घ्यावं. लॅपटॉप आणि रविवारचे दोन तास पुरतात.

बागायतदार: नाही पटत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा नकाशावाचून काहीच अडलं नव्हतं. सुपारीच्या बागा भुईसपाट, विजेचे खांब आडवे, मोबाइलला रेंज नाही. वाट मोकळी केली ती गावातल्या पोरांनी, कोयते-करवती घेऊन. कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, हे त्यांना तोंडपाठ. तुमच्या लॅपटॉपवर ते दिसणार आहे का?

दर्यासारंग: पोरांना ठाऊक, पण पुण्याहून आलेल्या एनडीआरएफच्या तुकडीला कोण सांगणार? पायऱ्यांची पाखाडी कुठून उतरते, ओढ्यावरचा साकव कुठे आहे, हे छापील कागदावर असलं तर रेंज गेली तरी चालतं.

दर्याची लेक: माझी भीती वेगळी आहे. आमच्या कोळीवाड्यांचं सीमांकन वर्षानुवर्षं रखडलंय. बाहेरच्या कोणी मासळी वाळवायची जागा मोकळी जमीन म्हणून दाखवली, तर उद्या तोच नकाशा आमच्यापुढे नाचवतील. आधी आम्हाला विचारा, मग रेघ मारा.

नकाशेवाली: ताई, अगदी मान्य. हैयाननंतर स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून घरांची पडझडही नोंदवली होती. प्रत्यक्ष पाहणीशी ताडल्यावर ती बरीच चुकीची निघाली. त्यामुळे पडझडीच्या मोजणीवर माझा भरवसा नाही. घर कुठे आहे एवढं वरून कळतं, बाकीचं गावानेच सांगायचं. टॅक्लोबानमध्ये निवाऱ्याच्या इमारतींतही पाणी शिरलं होतं. आपल्या शाळेचं जोतं किती उंच, हे चित्रात दिसत नाही. कागद ग्रामपंचायतीत टेबलावर पसरावा. आशाताई, पोलीसपाटील, तांडेल यांनी पेनाने खुणा कराव्यात, होड्या ओढायची जागा, वाळवणाची जागा, सगळं.

बागायतदार: एवढं करणार असाल तर माझा विरोध नाही. पण साकव एका पावसात वाहून जातो. दर एप्रिलात वाडीवाडीत फिरून तो कागद कोण तपासणार, ते आधी ठरवा.