लांबीपेक्षा छत बघा

पाण्याखालच्या गुहेत डाइव्ह करायची तर २०१८ मध्ये सर्वांत लांब ठरलेली साक आक्तुनच आधी निवडावी, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. त्या वर्षी मेक्सिकोतली ही गुहा दोस ओहोस या शेजारच्या गुहेला जोडलेली सापडली आणि लांबी ३४७ किमीच्या घरात गेली, खरं आहे. पण एका डाइव्हमध्ये त्यातलं आपल्या वाट्याला येतं कितीसं? माझी पसंती दोस ओहोसच्या भागाला, तीही छतासाठी. टॉर्च वर धरला की लवणस्तंभांची, म्हणजे छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांची, ही दाटी! थेंबाथेंबाने चुना साचायला हवा लागते, पाण्याखाली ते होतच नाही. म्हणजे हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून खाली गेला होता तेव्हा ही गुहा कोरडी होती. आपण पोहतो ती त्या काळातली वाट.

साताऱ्याकडे असं का नाही, तर आपला काळा कातळ चुनखडीसारखा विरघळत नाही. सराव मात्र इथेच होतो. विहिरीत आपण पाय आपटतो तसे गुहेत आपटले तर गाळ उठतो आणि बाहेरची वाट दाखवणारी परतीची दोरी दिसेनाशी होते. मी कोरेगावकडच्या आमच्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तळालगत बेडकासारखे पाय मारत फिरायचो, गाळ हलू न देता. जाणाऱ्यांनी आधी हे जरूर करावं.