सिकलसेलवरचा थिसिस: रुग्णासाठी की डिग्रीसाठी?

सदरकर
एमडीला थिसिस लागतो, आणि विदर्भात सिकलसेलसारखा (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) विषय दाराशीच आहे. माझं म्हणणं एवढंच, की विषय ठरवणाऱ्या समितीत वॉर्डातली सिस्टर, लॅब टेक्निशियन, समुपदेशक आणि एखाद्या रुग्णाची आई यांनाही खुर्ची द्या. निष्कर्ष आधी त्यांना सांगा, जर्नलचं मग बघू.

हे अशक्य नाही. हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या औषधाचा मोठ्यांवरचा गाजलेला अमेरिकन अभ्यास 1995 चा. आपल्या मुलांना कमी मात्रा पुरते का, हे नागपूरच्या मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय कॉलेजात) तपासलं गेलं. वजनाच्या किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. दुखण्याचे झटके, रक्त चढवणं, भरती होणं, तिन्ही कमी झालं. 2012 मध्ये ते छापूनही आलं. असे प्रश्न इथल्या पेशंटांमध्ये वावरल्याशिवाय सुचत नाहीत.

थिसिसग्रस्त
काका, खुर्ची देतो, वेळ कोण देणार? राउंड, ओपीडी, रात्री कॅज्युअल्टी, त्यात जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या कामाचे 3 महिने. थिसिस म्हणजे संशोधन शिकायचा सराव. त्यातून व्यवस्था बदला म्हणणं म्हणजे शिकाऊ लायसनवर ट्रक हाती देणं. आणि आईचा प्रत्येक प्रश्न संशोधनाचा नसतो. ‘खिडकीवर गोळ्या का नाहीत’ याला थिसिस नाही, इंडेंट (औषधांचा मागणीपत्रक) लागतो.

रात्रपाळी
डॉक्टरसाहेब, इंडेंटचं पटलं. बाकीचं नाही. (नर्स आहे, दवाखान्याचं नाव विचारू नका.)

रात्री पोरगा येतो, मांड्या आवळून धरलेल्या, डोळे कोरडे. लहानपणापासूनचं दुखणं, रडणं केव्हाच सुटलेलं. मग कोणीतरी म्हणतं, ‘एवढं दुखत असतं तर मोबाइल पाहिला असता का?’ आईच्या हातात पॉलिथिनची पिशवी, त्यात तीन-चार दवाखान्यांचे केसपेपर. मागच्या वेळी कोणत्या इंजेक्शनने उतार पडला, ते तिला तोंडपाठ. तिला कोणी विचारत नाही. आल्यापासून पहिलं पेनकिलर मिळेपर्यंत किती मिनिटं गेली, हा विषय होत नाही का? घड्याळ बघून लिहायचं, मशीन लागत नाही.

थिसिसग्रस्त
विषय भारी आहे, खरंच. पण कॅज्युअल्टी आमच्या विभागाखाली नाही. सह्या गोळा करण्यातच सत्र संपेल.

वर्धेवाला
मंग गडचिरोलीत कसं जमलं बाप्पा? डॉक्टर बंग पती-पत्नीच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवलं, त्यायनं 39 गावांत घरोघरी जाऊन नवजात लेकरं सांभाळली. तिसऱ्या वर्षी मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली. 1999 मध्ये लॅन्सेट या जर्नलनं छापलं. अन् दोघंही आपल्या मेडिकलचेच! तुम्ही सह्याच मोजून राहिले.

हिशेबी
गडचिरोलीचं उदाहरण दरवेळी तोंडावर फेकू नका हो. तिथे संस्था एक आणि माणसं टिकणारी. सरकारी दवाखान्यात बदली झाली की समिती खलास.

2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं: 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन. चांगलंच आहे. पण तपासणीत ‘वाहक’ (स्वतःला आजार नाही, पण लेकरांना जाऊ शकतो) निघालेल्या पोरीशी लग्नाआधी नीट बोलणार कोण? मला समुपदेशकाचं एक कायम पद द्या, तुमच्या दहा समित्या चहा-बिस्किटासकट तुम्हाला लखलाभ.

सदरकर
पद हवंच. पण पद मंजूर करून घ्यायला फाईलवर आकडा लागतो, तो कोण देणार? सिस्टरताईंचं घड्याळच ना? माझ्या मते तुमची मागणी आणि माझी खुर्ची एकाच कामाच्या आहेत.

हिशेबी
आकडे दिल्यावर पदं मिळतात, हा तुमचा विश्वास गोड आहे.

रात्रपाळी
घड्याळ मी बघते. फक्त एक आधी ठरवा, पेपरवर आमचं नाव लेखकांत येणार की शेवटच्या ‘आभार’मध्ये?

थिसिसग्रस्त
गाईडना विचारतो. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, मंजुरीला एथिक्स कमिटीकडे जायचा आहे अजून.