दादासाहेब मावळंकरांच्या अध्यक्षपदात त्यांच्या वकिलीचा वाटा किती?

प्रश्न : जिज्ञासू वाचक

नमस्कार. गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांनी १९१३ पासून अहमदाबादेत वकिली केली. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि त्यानंतर मध्यवर्ती कायदेमंडळ, संविधान सभेचे विधिमंडळ, हंगामी संसद व अखेरीस पहिली लोकसभा असा प्रवास करत, मधला थोडा खंड सोडल्यास, फेब्रुवारी १९५६ मध्ये निधन होईपर्यंत ते अध्यक्षपदावरच राहिले. या दीर्घ कारकिर्दीत वकिली नेमकी कुठे दिसते? आणि काँग्रेसचे असूनही त्यांना निःपक्षपाती म्हणतात, ते कितपत रास्त आहे?

उत्तर : संसदीय अभ्यासक

वकिली दिसते ती प्रामुख्याने कार्यपद्धतीविषयीच्या त्यांच्या आग्रहात. सभागृहात मंत्र्याने दिलेले आश्वासन पुढे पाळले गेले की नाही, याची दाद कोणी घ्यायची, हा प्रश्न १९५३ मध्ये आश्वासन समिती स्थापन झाल्याने सुटला. संसदेने दिलेल्या अधिकाराखाली सरकार जे नियम करते ते त्या अधिकाराच्या मर्यादेत आहेत का, हे तपासणारी समितीही त्याच वर्षीची. दिलेला शब्द आणि केलेला नियम मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहण्याची ही सवय कसलेल्या वकिलाची आहे, असे माझे मत आहे.

तथापि सर्वांत महत्त्वाचा मला त्यांचा अध्यादेशांविषयीचा (म्हणजे अधिवेशन सुरू नसताना सरकार काढते त्या तात्पुरत्या कायद्यांविषयीचा) पत्रव्यवहार वाटतो. अध्यादेश काढण्याची पद्धत मुळातच लोकशाहीशी विसंगत आहे आणि केवळ वेळ अपुरा पडतो म्हणून ती वापरू नये, असे त्यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये सरकारला कळवले. पंतप्रधान नेहरू त्यांच्याच पक्षाचे, सभागृहात त्या पक्षाचे प्रचंड बहुमत, आणि तरीही सभागृहाचा अधिकार डावलला जाऊ नये यासाठी अध्यक्षाने सरकारला लेखी बजावावे, ही गोष्ट आजही दुर्मीळ आहे.

उत्तर : राज्यशास्त्राची विद्यार्थिनी

वरील उत्तराशी मी बरीच सहमत आहे, परंतु निःपक्षपातीपणाचे चित्र इतके सरळ नाही. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड बिनविरोध झाली नाही. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे त्यांच्याविरुद्ध उभे होते आणि नेहरूंनी मांडलेला मावळंकरांच्या नावाचा प्रस्ताव ३९४ विरुद्ध ५५ मतांनी संमत झाला. (मोरे यांनी स्वतःचे मत मावळंकरांनाच दिले, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.) विरोधकांचा आक्षेप असा होता की इंग्लंडमधील सभागृहाचा अध्यक्ष पक्षापासून अलिप्त होतो, तसे आपल्याकडे होत नाही. मावळंकरांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले नाही, हे खरेच आहे.

१८ डिसेंबर १९५४ रोजी तर त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेला आला. संविधानानुसार अशा वेळी अध्यक्ष स्वतः कामकाज चालवू शकत नाहीत, म्हणून उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी ते चालवले. चर्चेचा बराचसा वेळ विरोधकांना द्यावा, असे नेहरूंनी सुचवले आणि आपल्या पक्षाच्या सदस्यांवर पक्षादेशाचे बंधन नसल्याचेही सांगितले. ठराव फेटाळला गेला. तरीही तो आला, म्हणजे त्यांच्या निर्णयांवर नाराज असलेला गट होता, हे मान्य करावे लागते.

प्रतिसाद : जिज्ञासू वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अध्यादेशांविषयीच्या त्या पत्रांचा पुढे काही परिणाम झाला का?

उत्तर : संसदीय अभ्यासक

तत्काळ नाही. अध्यादेश निघतच राहिले आणि राज्यांत तर परिस्थिती अधिक बिघडली. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले व त्यांतील कित्येक पुनःपुन्हा जारी करून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांनी हे संशोधनातून उघड केले व सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये या प्रथेला संविधानाची फसवणूक ठरवले आणि जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने अध्यादेश विधिमंडळापुढे मांडणे बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. मावळंकरांनी पत्रांतून मांडलेली चिंता हीच होती. फरक इतकाच, की त्यांनी ती सभागृहाच्या बाजूने आणि वाद न्यायालयात पोहोचण्याच्या कितीतरी आधी मांडली होती.